साबणवाले विल्यम कोलगेट

कोलगेट हे नाव आपल्या घरांत रोज सकाळी निघते; तो माणूस मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे. विल्यम कोलगेट यांचा जन्म १७८३ साली इंग्लंडातील केंट परगण्यात झाला. वडील फ्रेंच राज्यक्रांतीच्या बाजूचे, म्हणून कुटुंबाला अमेरिका गाठावी लागली. १८०६ साली विल्यम यांनी न्यूयॉर्कच्या डच स्ट्रीटवर साबण व मेणबत्त्यांचा धंदा काढला. मिळकतीचा दशांश ते प्रभूच्या कामास देत, पुढे त्याहूनही अधिक.

आम्हांला मोठी वाटते ती १८३६ ची गोष्ट. कलकत्त्याच्या बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी बंगाली नव्या करारात बाप्तिस्म्यासाठी ‘बुडविणे’ या अर्थाचा शब्द घातला. अमेरिकन बायबल सोसायटीने त्याच्या छपाईस पैसे नाकारले. ती सोसायटी १८१६ साली उभारण्यात कोलगेट यांचाही हात होता. तरी तिच्यापासून वेगळे होऊन ते नव्या सोसायटीचे खजिनदार झाले. (देवभीरू माणसे दोन्हीकडे होती, हे आम्ही विसरत नाही.) १८५७ साली ते वारले. आपल्या ओळखीची पेस्ट कंपनीने त्यानंतर सोळा वर्षांनी काढली.