यमूची गोष्ट सांगणारे हरिभाऊ

८ मार्चला आपण शाळेत महिला दिन साजरा करतो. त्याच तारखेला, १८६४ साली, खानदेशातील पारोळे या गावी हरि नारायण आपटे यांचा जन्म झाला. हा योगायोगच, पण या अंकासाठी त्यांचे चरित्र निवडताना तो आम्हाला आवडला.

हरिभाऊ लहान असतानाच त्यांची आई वारली. पुढे ते मुंबईला आणि नंतर पुण्याला आले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांना चिपळूणकर, टिळक आणि आगरकर असे शिक्षक लाभले. असे गुरू असूनही गणिताने त्यांना शेवटपर्यंत छळले आणि पदवी काही हाती लागली नाही. (गणितात अडखळणाऱ्यांनी हे वाक्य घरी दाखवू नये.) वाचन मात्र अफाट होते. आगरकरांनी शेक्सपियरच्या हॅम्लेटचे 'विकारविलसित' हे मराठी रूपांतर केले, तेव्हा या विद्यार्थ्याने आपल्याच गुरूच्या पुस्तकाचे लांबलचक आणि परखड परीक्षण लिहिले. गुरूंनीही त्याचा राग धरला नाही.

१८८५ मध्ये त्यांची 'मधली स्थिती' ही पहिली कादंबरी येऊ लागली. तिला इंग्रज लेखक रेनॉल्ड्सचा आधार होता. खरे हरिभाऊ दिसले ते १८९० पासून. त्या वर्षी त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि त्यात 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः छापली. १८९३ पर्यंत ती चालली.

तो काळ व्हिक्टोरिया राणीचा. मुलींची लग्ने आठव्या-नवव्या वर्षी होत. नवरा गेला की मुलीचे केस काढून तिला लाल आलवणात कोपऱ्यात बसवीत. १८९१ साली सरकारने संमतिवयाचा कायदा करून मुलींचे वय १० वरून १२ वर नेले, तेव्हा केवढे रान उठले! टिळक या कायद्याच्या विरुद्ध होते, आगरकर बाजूने. हरिभाऊंचे दोन्ही गुरू समोरासमोर उभे होते आणि त्याच दिवसांत त्यांची कादंबरी आठवड्या-आठवड्याला घरोघरी जात होती. (तो कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. आपला आदिलाबादचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून इथल्या मुलींना त्याचा उपयोग नव्हता.)

हरिभाऊंनी वाद घातला नाही. त्यांनी यमूला बोलायला लावले. यमू आपल्या लहानपणापासून सारे सांगते: दादाबरोबरचे खेळ, आईचे सोसणे, दुर्गी या मैत्रिणीचे हाल, स्वतःचे लग्न. तिचा नवरा रघुनाथराव शिकलेला आणि प्रेमळ. तो तिला वाचायला शिकवतो, मुंबईला नेतो आणि दोघांचा छोटासा संसार सुखाचा होतो. त्या घरातील पाने वाचताना आपणही सुखावतो. मग रघुनाथराव जातो. त्यानंतर शंकरमामंजींच्या घरात यमूवर जे गुदरते, तिचे केशवपन जबरदस्तीने कसे होते, ते वाचताना आमच्या एका शिक्षिकेला वर्गातच थांबावे लागले होते.

याच सुमारास, १८९१ मध्ये, लंडनच्या 'ग्राफिक' या साप्ताहिकात टॉमस हार्डी यांची 'टेस' क्रमशः येत होती. तीही गरीब घरच्या मुलीच्या प्रेमाची आणि नाशाची कहाणी. साप्ताहिकासाठी हार्डींना काही भाग गाळावे लागले होते. दोन्ही कादंबऱ्या शेजारी ठेवल्या तर आम्हाला एक फरक जाणवतो. टेसची गोष्ट हार्डी बाहेरून सांगतात, तर यमू स्वतः बोलते. त्या काळी घरात जिला तोंड वर करून बोलता येत नव्हते, तिच्या हाती एका पुरुष लेखकाने लेखणी दिली. हरिभाऊंचे मोठेपण आम्हाला इथेच वाटते. उणेही आहेच. कादंबरी फार लांबते आणि रघुनाथराव जरा जास्तच चांगला वाटतो.

पुढे त्यांनी 'मी' लिहिली, 'उषःकाल' आणि 'गड आला पण सिंह गेला' या शिवकालीन कादंबऱ्या लिहिल्या. दुष्काळावरची 'काळ तर मोठा कठीण आला' ही कथा आठवी-नववीच्या मुलांनी अवश्य वाचावी. १९१५ ची 'वज्राघात' विजयनगरच्या नाशावर आहे. त्या १५६५ च्या लढाईत गोवळकोंड्याचे सैन्यही होते, म्हणजे गोष्ट आपल्या तेलंगणालाही लागून आहे. काही कादंबऱ्या मात्र अपुऱ्याच राहिल्या.

लेखन हा त्यांचा एकच उद्योग नव्हता. काका महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापलेल्या पुण्याच्या आनंदाश्रम या संस्थेचा कारभार ते पाहत आणि जुने संस्कृत ग्रंथ छापून काढत. पुणे नगरपालिकेतही त्यांनी काम केले आणि अध्यक्षपद भूषविले. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. अकोला आपल्यापासून फार लांब नाही.

३ मार्च १९१९ रोजी, पंचावन्नावा वाढदिवस पाच दिवसांवर आला असताना, पुण्यात त्यांचे निधन झाले.

यमूची भाषा जुन्या पुणेरी घरातली आहे. तेलुगू-उर्दूच्या शेजारात वाढलेल्या आपल्या मुलांना पहिली वीस-पंचवीस पाने अडतील. पालकांनी संध्याकाळी शेजारी बसून ती मोठ्याने वाचावीत, विशेषतः ज्या घरात दहावीनंतर मुलीला स्थळ पाहण्याची बोलणी सुरू होतात त्या घरात. आज कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १८ आहे, तरी दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर वर्गातले एखादे बाक रिकामे दिसते. विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की, ग्रंथालयातील एकुलती प्रत आता पाने सुटून जीर्ण झाली आहे, तेव्हा या वर्षी किमान पाच नव्या प्रती घ्याव्यात.