युरियाच्या गोणीमागचा हाबर

राहुरी, श्रीरामपूर, नेवासा... उसाच्या पट्ट्यात वाढलेल्यांना युरियाची गोणी काही नवीन नाही. पण त्या पांढऱ्या दाण्यांतला नायट्रोजन हवेतून येतो, हे किती जणांना माहितीये? ती वाट शोधली फ्रिट्झ हाबरने.

हाबरचा जन्म ९ डिसेंबर १८६८ चा, तेव्हाच्या प्रशियातल्या ब्रेस्लाऊचा. घर ज्यू, वडिलांचा रंगांचा व्यापार. आई तर तो काही आठवड्यांचा असतानाच गेली.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. कारण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. नुसतं तापवून भागत नाही, जास्त उष्णतेत तयार झालेला अमोनियाच पुन्हा फुटतो. हाबरने दाब प्रचंड वाढवला आणि ऑस्मियम हा संक्रमण धातू उत्प्रेरक म्हणून घेतला. अशा धातूच्या पृष्ठभागावर नायट्रोजन चिकटतो, बंध सैल होऊन तुटतो, मग हायड्रोजन जोडला जातो. जुलै १९०९ मध्ये कार्ल्सरूहच्या लॅबमध्ये अमोनिया थेंब थेंब पडू लागला.

ऑस्मियम मात्र फारच दुर्मीळ. बीएएसएफ कंपनीत मिटाशने हजारो नमुने तपासून लोखंडावर आधारलेला उत्प्रेरक पक्का केला, बॉशने १९१३ मध्ये कारखाना चालू केला. अलिबागजवळच्या थळमध्ये आरसीएफचा युरिया बनतो, तोही याच वाटेने.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच अमोनियापासून पहिल्या महायुद्धात जर्मनीची स्फोटकं बनली. २२ एप्रिल १९१५ ला ईप्रच्या आघाडीवर क्लोरीन सोडला गेला, तो हाबरच्याच देखरेखीखाली. दहा दिवसांनी त्याच्या बायकोने, क्लाराने, आयुष्य संपवलं. ती स्वतः केमिस्ट्रीत डॉक्टरेट होती. तिने असं का केलं, यावर आजही वाद आहे. हाबर मात्र लगेच पूर्वेच्या आघाडीवर निघून गेला.

पुढे त्याला १९१८ चं नोबेल मिळालं, त्यावरही टीका झाली. ज्या देशासाठी एवढं केलं, त्याच देशात १९३३ मध्ये ज्यू सहकाऱ्यांना काढायचा हुकूम आला. हाबरने राजीनामा दिला, देश सोडला. २९ जानेवारी १९३४ ला स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये तो गेला. त्याचे काही नातेवाईक पुढे नाझी छळछावण्यांत मारले गेले.

हाबर प्रक्रिया आपण मार्कांसाठी पाठ करतो. हाबर मात्र सिलॅबसमध्ये नसतो. शेतात गोणी फोडताना तरी तो आठवायला हवा, दोन्ही बाजूंसकट.