दात काढायचे की औषध विकायचं? भुलीच्या औषधाचं पेटंट घेणाऱ्या दंतवैद्याची गोष्ट

दातांचा डॉक्टर आणि औषधवाला हे दोन वेगळे व्यवसाय आहेत, हे आज कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एकाची पदवी बीडीएस, दुसऱ्याची बी.फार्म. प्रवेशाच्या वेळीच काय ते ठरतं. पण १८४० च्या सुमारास अमेरिकेत ही रेघ इतकी ठळक नव्हती. तेव्हा बॉस्टनमधल्या एका दंतवैद्याने आपला उत्तम चाललेला दवाखाना बाजूला ठेवला आणि एका औषधाच्या कमाईवर सगळा डाव लावला. त्याचं नाव विल्यम थॉमस ग्रीन मॉर्टन.

ऑपरेशनच्या आधी भूल देण्याची पद्धत जगभर पोहोचली ती मॉर्टनमुळे. पण हा माणूस गरीब होऊन मेला. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर गोष्ट दातांपासूनच सुरू करावी लागते.

मॉर्टनचा जन्म ९ ऑगस्ट १८१९ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या चार्ल्टन गावचा. घर शेतकऱ्याचं, शिक्षण बेताचं. तरुणपणी त्याने कारकुनी केली, माल विकला. या काळात त्याने अनेकांचे पैसे बुडवले होते, हेही पुढच्या चरित्रकारांनी खणून काढलंय. तेव्हा हा कुणी साधाभोळा संशोधक होता असं समजू नका.

दात हा धंदा त्याने का धरला असेल? एक तर त्यात शिरणं सोपं होतं. औषधनिर्माण शिकवणारं कॉलेज फिलाडेल्फियात १८२१ सालीच निघालं होतं. दंतवैद्यकाचं जगातलं पहिलं कॉलेज बाल्टिमोरला उघडायला मात्र १८४० साल उजाडलं. तोवर ज्याच्या हातात चिमटा आणि मनगटात जोर, तो दारावर पाटी लावायला मोकळा होता. मॉर्टन बाल्टिमोरला शिकला असं सांगितलं जातं, पण तिथली पदवी त्याने घेतली नाही. खरं काम तो शिकला कनेक्टिकटमधल्या होरेस वेल्स या दंतवैद्याकडून. पुढे दोघांनी बॉस्टनमध्ये भागीदारीत दवाखानाही काढला.

त्यांच्याकडे विकण्यासारखी एक नवी गोष्ट होती. कवळीचे दात सोन्याच्या पट्टीवर बसवताना जो डाख लावत, तो काही दिवसांत काळा पडायचा. वेल्सने न काळवंडणारा डाख शोधला होता. त्याला प्रमाणपत्र दिलं चार्ल्स जॅक्सन या बॉस्टनच्या डॉक्टर-रसायनतज्ज्ञाने. हे नाव लक्षात ठेवा.

पण कवळी नीट बसवायची तर हिरडीतली जुनी, किडकी मुळं आधी उपटावी लागायची. तीही शुद्धीत. लोक कवळीचा भाव विचारायचे, मुळं काढायची म्हटल्यावर उठून जायचे. माल चांगला होता, गिऱ्हाईकही होतं, मध्ये फक्त वेदना उभी होती. भुलीच्या शोधामागे मानवजातीची कळकळ वगैरे असेलही, पण मॉर्टनला तो शोध लागायला हवा होता तो कवळ्या खपाव्यात म्हणून.

१८४४ साली त्याने एलिझाबेथ व्हिटमनशी लग्न केलं. मुलीच्या घरच्यांना दात उपटणारा जावई नको होता. पुढे डॉक्टरकी शिकेन, असा शब्द दिल्यावरच लग्न ठरलं. त्याप्रमाणे मॉर्टनने हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत नाव घातलं, जॅक्सनच्या हाताखालीही शिकला. इथरचे थेंब टाकून दुखरा दात बधिर करता येतो, हे त्याला जॅक्सनकडून कळलं. ही पदवीही अर्धवट राहिली. दवाखाना सोडून व्याख्यानं ऐकत बसणं परवडण्यासारखं नव्हतं.

दरम्यान वेल्सने नायट्रस ऑक्साइड म्हणजे हसवणारा वायू हुंगून स्वतःचा दात काढून घेतला होता. दुखलं नाही. जानेवारी १८४५ मध्ये तो हा प्रयोग दाखवायला बॉस्टनला आला. वायू बहुधा कमी पडला, रुग्ण ओरडला आणि जमलेल्यांनी वेल्सची हुर्यो उडवली. मॉर्टन तिथे हजर होता. कल्पना चुकीची नाही, द्रव्य बदलून पाहायला हवं, असा धडा त्याने घेतला असावा.

१८४६ च्या उन्हाळ्यात त्याने कुत्र्यावर, माशांवर आणि स्वतःवर इथरचे प्रयोग केले. इथर यायचं जोसेफ बर्नेट या बॉस्टनच्या औषधविक्रेत्याकडून. मालाच्या शुद्धतेवर सगळं अवलंबून होतं. अशुद्ध इथर हुंगलं की माणूस झोपण्याऐवजी बेभान व्हायचा. शेवटी जॅक्सनने त्याला शुद्ध सल्फ्युरिक इथर वापरायला सांगितलं. ३० सप्टेंबरच्या संध्याकाळी एबेन फ्रॉस्ट नावाचा संगीतकार दाढ धरून दवाखान्यात आला. आपल्याला संमोहित करून दात काढा, अशी त्याची विनंती होती. मॉर्टनने रुमालावर इथर ओतून नाकाशी धरलं. फ्रॉस्ट शुद्धीवर आला तेव्हा दात जमिनीवर पडला होता.

मग १६ ऑक्टोबर. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जॉन कॉलिन्स वॉरन हे बडे सर्जन गिल्बर्ट अॅबटच्या मानेवरची गाठ काढणार होते. हुंगायचं यंत्र वेळेत तयार झालं नाही म्हणून मॉर्टन उशिरा पोहोचला. तो येत नाही असं समजून वॉरन चाकू उचलणार होते. इथर दिलं, गाठ निघाली, अॅबट ओरडला नाही.

मॉर्टनचं वय तेव्हा २७. त्याच्यासमोर दोन वाटा होत्या. एक म्हणजे सगळं उघड सांगून मोकळं व्हायचं आणि बिनवेदनेचा दंतवैद्य म्हणून दवाखाना चालवायचा. बॉस्टनभरचे दात त्याच्याकडे आले असते. दुसरी वाट म्हणजे औषधाचा मालक होऊन बसायचं. त्याने दुसरी निवडली.

अडचण अशी होती की इथर त्याचं नव्हतंच. ते सोळाव्या शतकापासून माहीत होतं आणि कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळायचं. म्हणून मॉर्टनने त्यात रंग आणि सुगंध मिसळला आणि त्याला ‘लेथिऑन’ असं भारदस्त नाव दिलं, ग्रीक पुराणातल्या विस्मरणाच्या नदीवरून. १२ नोव्हेंबर १८४६ ला पेटंट निघालं. त्यावर जॅक्सनचंही नाव होतं आणि नफ्यात त्याचा १० टक्के वाटा ठरला होता.

आता इथरचा वास कुणी एकदा घेतला की विसरत नाही. कितीही अत्तर घाला, डॉक्टरांच्या नाकाला ते कळणारच. त्यातच हॉस्पिटलच्या सर्जननी अडवून धरलं. बाटलीत काय आहे ते सांगितल्याशिवाय पाय कापायच्या मोठ्या शस्त्रक्रियेत आम्ही हे वापरणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ती रास्तच होती. मॉर्टनला नोव्हेंबरमध्येच तोंड उघडावं लागलं. हे साधं इथर आहे, असं त्याने सांगितलं आणि त्याच दिवशी धंदा संपला. कारण मग परवान्याचे पैसे कोण कशाला भरणार? जो तो जवळच्या केमिस्टकडून इथर आणू लागला. अमेरिकेच्या सैन्यानेही मेक्सिकोच्या युद्धात ते वापरलं, मॉर्टनला छदाम न देता.

दुसरीकडे पेटंट घेतलं म्हणून बॉस्टनचे दंतवैद्य त्याच्यावर उखडले. परवाने, एजंट, वकील यांच्या मागे धावताना त्याचा स्वतःचा दवाखाना बसला. श्रेयाचं भांडण तर सुरू झालंच होतं. जॅक्सन म्हणू लागला, कल्पना माझी. वेल्स म्हणू लागला, सुरुवात माझी. जॉर्जियातल्या क्रॉफर्ड लाँग या डॉक्टरने १८४२ मध्येच इथर देऊन शस्त्रक्रिया केली होती, हे १८४९ ला छापून आलं. वेल्सने क्लोरोफॉर्मच्या नादात मानसिक तोल गेल्यावर जानेवारी १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात जीव दिला.

मॉर्टनने अमेरिकन काँग्रेसकडे पुन्हा पुन्हा अर्ज केले. मागणी होती एक लाख डॉलरच्या बक्षिसाची. चर्चा झाल्या, समित्या बसल्या, पैसे आले नाहीत. १८६२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका नेत्र रुग्णालयाविरुद्धच्या दाव्यात कोर्टाने पेटंटच रद्द ठरवलं. कोर्टाचा मुद्दा समजायला सोपा आहे. इथर जुनं, ते हुंगणंही जुनं. नवा होता तो फक्त त्याचा परिणाम, आणि निसर्गातला परिणाम कुणाच्या मालकीचा होत नाही.

इथर पुरवणाऱ्या बर्नेटचं मात्र भलं झालं. त्याने व्हॅनिलाचा अर्क बाटलीत भरून विकायला घेतला आणि तो व्यवसाय नावारूपाला आला. दंतवैद्यही १८६३ नंतर हळूहळू वेल्सच्या हसवणाऱ्या वायूकडे परतले. एक दात काढायला तोच सोयीचा होता.

यादवी युद्धात मॉर्टनने रणांगणाजवळच्या हॉस्पिटलांत जखमी सैनिकांना स्वतः इथर दिलं. त्याचं पेटंट तेव्हा संपलं होतं आणि कर्ज डोक्यावर होतं. जुलै १८६८ मध्ये जॅक्सनची बाजू घेणारा एक लेख वाचून तो अस्वस्थ झाला आणि न्यूयॉर्कला गेला. शहर उन्हाने भाजत होतं. १५ जुलैला सेंट्रल पार्कमध्ये घोडागाडीतून फिरताना तो कोसळला आणि ४८ व्या वर्षी गेला.

त्याच वर्षी बॉस्टनच्या सार्वजनिक बागेत इथरचं स्मारक उभं राहिलं. त्यावर ना मॉर्टनचं नाव आहे, ना जॅक्सनचं. एलिझाबेथच्या घरच्यांना दिलेला डॉक्टर होण्याचा शब्द पुढे मॉर्टनच्या मुलाने पुरा केला, १८७२ मध्ये हार्वर्डमधून.