धूळपाटीपुढे बसलेले गुरुजी

शिक्षकाने प्रथम विद्यार्थी व्हावे, हे तत्त्व बोलावयास सोपे आहे. आचरणात आणावयास मात्र फार नम्रता लागते. ज्यांनी ते अक्षरशः आचरून दाखविले, अशा एका थोर पुरुषाचे चरित्र आम्ही यंदा आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या मातापितरांपुढे ठेवीत आहो. ते म्हणजे लूथरपंथी मिशनरी बार्थोलोमेव झिगेनबाल्ग.

जर्मनीतील साक्सनी प्रांतात, पुल्सनित्स ह्या लहानशा गावी, १० जुलै १६८२ रोजी त्यांचा जन्म झाला. आईबापांचे छत्र बालपणीच हरपले. मरणसमयी आईने लेकरांस जवळ बोलावून, आपण तुमच्यासाठी पवित्र शास्त्रात मोठा ठेवा ठेवून जात आहो, असे सांगितले. प्रकृती प्रथमपासून नाजूक; परंतु त्या ठेव्याचा शोध त्यांनी सोडला नाही. पुढे हाले येथे फ्रांके ह्यांच्या सहवासात त्यांचे शिक्षण झाले. अनाथ व गरीब मुलांसाठी फ्रांके ह्यांनी काढलेल्या शाळा तेथे त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या.

डेन्मार्कचे राजे चौथे फ्रेडरिक ह्यांनी त्यांस व हाइन्रिख प्लुट्शाव ह्यांस हिंदुस्थानात धाडिले. ९ जुलै १७०६ रोजी ते पूर्व किनाऱ्यावर ट्रांकेबार, म्हणजे तमिळ लोकांचे तरंगंबाडी, येथे पोहोचले. हे बंदर डॅनिश व्यापाऱ्यांच्या ताब्यात असले, तरी भोवतालचा मुलूख तंजावरच्या मराठी राज्याचा होता. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे त्या वेळी गादीवर होते. किल्ल्यातील अधिकाऱ्यांस ह्या पाहुण्यांचे येणे मुळीच रुचले नाही. ना आप्त, ना आश्रय, ना भाषेचे ज्ञान, अशी त्यांची स्थिती होती.

तेव्हा झिगेनबाल्गांनी काय करावे? त्यांनी गावातील एका वृद्ध पंतोजींस विनंती केली की, आपली शाळा आमच्या घरी भरवावी. पंतोजी आपल्या चिमुकल्या शिष्यांसह आले. विद्यापीठात शिकलेला, चोवीस वर्षांचा हा धर्मोपदेशक त्या मुलांच्या पंगतीत मांडी घालून बसला, आणि बोटाने वाळूत धुळाक्षरे गिरवू लागला. मुले मोठ्याने अक्षर घोकीत, तसे तोही घोकी. पाठीमागून इतर विद्वानांचे साह्य मिळाले, आणि थोड्याच काळात ते तमिळ भाषेत उपदेश करू लागले.

१७०७ पासून त्यांनी स्वतः शाळा चालविल्या, आणि मुलींस शिकविण्याची सोयही केली. त्या शाळांतील आठवड्याचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. धूळपाटीवर हात बसला की ताडपत्र व लोखंडी लेखणी हाती येई. वाचन, लेखन, हिशेब ह्यांबरोबर लूथर ह्यांची लहान प्रश्नोत्तरी मुले आपल्या मातृभाषेत पाठ करीत; आणि प्रभूच्या दिवशी जर्मन चालींवर रचलेली तमिळ गीते उपासनेत गात. गरीब मुलांच्या अन्नवस्त्राचाही भार मिशनाने उचलला होता.

हे कार्य सुखाने झाले नाही. १७०८ च्या अखेरीस, एका गरीब विधवेच्या पैशाच्या वादात त्यांनी तिची बाजू घेतल्याने किल्ल्याचे अधिकारी रुष्ट झाले, आणि त्यांस चार महिने कैद भोगावी लागली. सुटका होताच त्यांनी नव्या कराराचे भाषांतर पुन्हा हाती घेतले व १७११ साली पुरे केले. इंग्लंडहून छापखाना आला, हालेहून तमिळ खिळे आले. ते फार मोठे पडले, म्हणून लहान खिळे इकडेच ओतविले. १७१५ पर्यंत सबंध नवा करार छापून झाला. १७१६ साली शिक्षक तयार करणारी शाळाही निघाली.

सर्वांत मोठा घाव मात्र घरच्यांकडूनच बसला. कोपनहेगनच्या मिशन मंडळाच्या चिटणिसांचे म्हणणे असे की, मिशनऱ्यांनी शाळा व इमारती ह्यांत न गुंतता प्रेषितांप्रमाणे केवळ उपदेश करीत फिरावे. ज्या कामी शरीर झिजविले, तेच काम व्यर्थ ठरविणारी पत्रे त्यांस आजारपणात वाचावी लागली. २३ फेब्रुवारी १७१९ रोजी, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी देह ठेविला. जुन्या कराराचे भाषांतर रूथच्या पुस्तकापर्यंतच झाले होते.

तथापि शाळा मोडल्या नाहीत. १७५० साली त्याच ट्रांकेबारास श्वार्त्झ हे मिशनरी आले. तंजावरचे बालराजे दुसरे सरफोजी ह्यांचा सांभाळ व शिक्षण ह्यांची काळजी त्यांनी पित्याप्रमाणे वाहिली. त्याच सरफोजीराजांनी पुढे तंजावरास शाळा व छापखाना काढिला, आणि तेथे इसापाच्या गोष्टींचे ‘बाळबोध मुक्तावळी’ हे मराठी पुस्तक छापले गेले. वाळूत काढिलेले अक्षर वाऱ्याने पुसले जाते खरे. पण ते शिकलेला हात दुसऱ्यास शिकवितो.

विद्यार्थिमित्रांनो, उद्या आपल्या धाकट्या भावंडाचा हात धरून पाटीवर पहिले अक्षर गिरवून घ्याल, तेव्हा ह्या गुरुजींचे स्मरण करा. आणि आम्हां शिक्षकांस तर ते नित्य असावे; कारण आमची जागाही प्रथम त्या पंगतीतच आहे.