पंडिता रमाबाई

आपल्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा मी पंडिता रमाबाईंचे नाव सुचविले. काहींच्या मनात आले असेल, त्यांनी तर धर्म सोडला! लहानपणापासून माझ्याही मनात तीच अढी होती. चरित्र वाचल्यावर ती गेली. का गेली, तेवढेच सांगते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने रमेला. दुष्काळात आईवडील व बहीण गेली. भावाबरोबर पुराण सांगत, पायी देश हिंडत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० साली बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. दोन वर्षांच्या आतच वैधव्य आले. पदरी तान्ही मनोरमा. त्याच वर्षी, १८८२ साली, पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

१८८३ साली त्या विलायतेस गेल्या व तेथे ख्रिस्ती झाल्या. राज्य इंग्रजांचे, धर्मही आता त्यांचाच; तरी त्यांनी मान तुकविली नाही. त्यांनी पुरुषांना शिकवू नये असे बिशपांचे म्हणणे पडले, ते भर सभांत व्याख्याने दिलेल्या ह्या बाईंना पटले नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, असे त्यांनी कळविले. शाकाहारही सोडला नाही.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेस गेल्या. परत आल्यावर १८८९ साली त्या देशावर मराठीत पुस्तक लिहिले. एरवी गोरे लोक येऊन आपले गुणदोष लिहीत. येथे आपली बाई त्यांचे गुणदोष तोलत होती! इंग्रजांचे जोखड झुगारल्याचे कौतुक तिने केले, आणि तेथील मूळ रहिवाशांवर व काळ्या लोकांवर झालेला अन्यायही झाकला नाही. परक्या सत्तेने माणसांची मने आणि पुस्तके कशी घडविली, याचा आज विद्यापीठांत अभ्यास होतो. मीरा कोसंबी यांनी हे पुस्तक २००३ साली इंग्रजीत नेले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. पुढे अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई तेथेच शिकल्या. मुली ख्रिस्ती होतात म्हणून १८९३ साली मोठा गहजब झाला आणि रानडे, भांडारकरही दूर झाले. पालकांची ती भीती मला खोटी वाटत नाही. पण १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार मुलींना केडगावी आसरा दिला तो याच बाईंनी. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या.

आपल्या लोकांनी त्यांना परके ठरविले, परक्यांनी शिकवू पाहिले. त्या मात्र दोघांकडे स्वतःच्याच डोळ्यांनी पाहत राहिल्या. आपण स्वतःकडे कोणाच्या डोळ्यांनी पाहतो, हे प्रत्येकीने एकदा मनाला विचारावे. केडगाव आपल्याच जिल्ह्यात आहे. मंडळाची यंदाची सहल तिकडे न्यावी, एवढी विनंती करून लेखणी ठेवते.