जनावरांच्या डॉक्टरने पोराच्या सायकलचं चाक बदललं आणि जगाला हवेचा टायर मिळाला

डनलप हे नाव महाराष्ट्रात कुणाला नवीन नाही. कुणी गादीला डनलप म्हणतं, तर ऊस वाहणारी टायरची बैलगाडी कित्येक गावांत डनलप याच नावाने ओळखली जाते. पण डनलप हे एका माणसाचं आडनाव होतं, तो माणूस जनावरांचा डॉक्टर होता आणि त्याच्या नावावर कोट्यवधी टायर विकले गेले तरी त्यातला मोठा पैसा त्याला मिळालाच नाही, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

जॉन बॉइड डनलप यांचा जन्म 5 फेब्रुवारी 1840 रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावी, शेतकरी कुटुंबात झाला. त्यांनी एडिनबरामध्ये पशुवैद्यकाचं शिक्षण घेतलं आणि विशीच्या आतच ते डॉक्टर झाले. 1867 मध्ये ते आयर्लंडला गेले आणि पुढे बेलफास्टमध्ये त्यांनी दवाखाना थाटला. तो काळ घोड्यांचा होता. गाड्या ओढायला घोडे, माल वाहायला घोडे. त्यामुळे दवाखाना जोरात चालला. वयाच्या 47 व्या वर्षापर्यंत डनलप यांचं आयुष्य म्हणजे घोडे, गाई आणि औषधं.

1887 साली त्यांचा लहान मुलगा जॉनी तीनचाकी सायकल चालवायचा. तेव्हाच्या सायकलला आजच्यासारखे टायर नव्हते. चाकाला भरीव रबराची पट्टी असायची. बेलफास्टचे रस्ते दगड बसवलेले, त्यात ट्रामचे रूळ. प्रत्येक दगडाचा हादरा थेट अंगात जायचा. पोराने तक्रार केली आणि बाप विचारात पडला.

डनलप यांनी काय केलं? पातळ रबराच्या पत्र्याची नळी बनवली, ती लाकडी चकतीभोवती बसवली, वरून कापड ताणून खिळ्यांनी पक्कं केलं आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग घराच्या अंगणात साधी चाचणी घेतली. एका बाजूला जॉनीच्या सायकलचं भरीव रबराचं चाक, दुसऱ्या बाजूला हे नवीन. दोन्ही चाकं ढकलली. जुनं चाक थोडं जाऊन आडवं पडलं. नवीन चाक अंगण संपेपर्यंत गेलं आणि पलीकडच्या फाटकाला धडकलं.

इथे खरी गंमत आहे. डनलप यांना हादरे कमी करायचे होते, पण त्यांच्या हाती वेग लागला. भरीव रबराचं चाक खड्ड्यावरून जाताना सायकल आणि माणूस दोघांनाही वर उचलतं. त्यात ताकद वाया जाते. हवेचा टायर तो दगड आपल्या पोटात घेतो आणि सायकल पुढे सरकत राहते. तेवढ्याच ताकदीत जास्त अंतर कापलं जातं.

1888 मध्ये डनलप यांनी पेटंट घेतलं. पण फुगीर टायर बघून लोक हसायचे. ते हसू थांबलं 18 मे 1889 रोजी. बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर शर्यती होत्या. विली ह्यूम नावाचा सायकलपटू हवेचे टायर लावून उतरला आणि त्याने चारच्या चार शर्यती जिंकल्या. हरलेल्यांमध्ये हार्वे ड्यु क्रॉस या डब्लिनच्या उद्योजकाची मुलं होती. पोरं हरली, पण बापाने धंदा ओळखला. त्याच वर्षी डब्लिनमध्ये हवेचे टायर विकणारी कंपनी उभी राहिली. डनलप यांनी आपले हक्क कंपनीला दिले आणि बदल्यात शेअर्स घेतले.

आणि मग धक्का बसला. 1890 मध्ये कळलं की डनलप यांचं पेटंट टिकणारच नाही. रॉबर्ट थॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने 1845 मध्येच हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं. तेव्हा सायकलचा जमाना आला नव्हता, म्हणून ती कल्पना विस्मरणात गेली होती. डनलप यांना त्याची कल्पनाही नव्हती.

कंपनी वाचली ती इतरांच्या शोधांमुळे. डनलप यांचा टायर चाकाला चिकटवलेला असायचा, त्यामुळे पंक्चर काढणं म्हणजे मोठी डोकेदुखी. चाकावरून सुटा काढता येणाऱ्या टायरची पेटंटं कंपनीने विकत घेतली आणि धंदा सुसाट सुटला.

डनलप मात्र 1895 च्या सुमारास कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी ती कंपनी 30 लाख पौंडांना विकली गेली. भारतातही 1936 मध्ये हुगळीजवळ साहागंजला डनलपचा कारखाना सुरू झाला. पण ज्यांचं नाव टायरवर छापलं जात होतं, ते डनलप डब्लिनमध्ये कापडाचा व्यवसाय सांभाळत राहिले. म्हातारपणी तर त्यांना कोर्टात जावं लागलं, कारण जाहिरातींमध्ये त्यांना भपकेबाज कपड्यातला छैलछबिला दाखवलं जात होतं आणि साध्या राहणीच्या या माणसाला ते अजिबात पटलं नव्हतं. 23 ऑक्टोबर 1921 रोजी डब्लिनमध्येच त्यांचं निधन झालं.

डनलप यांच्या अंगणातली ती चाचणी आजही कामाची आहे. रोड बाईक घेतलेल्या अनेकांना काही महिन्यांत महागडे व्हील्स खुणावायला लागतात. बजेट कमी असेल, तर आधी टायरकडे बघावं. चांगला लवचिक टायर, फ्रेममध्ये मावेल तेवढी रुंदी आणि वजनाप्रमाणे योग्य हवा, एवढ्यावर सायकल हलकी पळू लागते आणि खर्च नव्या व्हील्सच्या मानाने फारच कमी येतो. हवा दगडासारखी कडक भरली की सायकल जोरात पळते हा समज खराब रस्त्यावर उलटा पडतो, कारण तसा टायर पुन्हा भरीव रबरासारखाच वागायला लागतो.

त्यानंतरही व्हील्स बदलायचेच असतील, तर आधी आपल्या सायकलला रिम ब्रेक आहे की डिस्क, ॲक्सल कुठला, मागच्या हबवर आपली कॅसेट बसते का आणि आपल्या टायरला रिमची रुंदी चालते का, हे तपासावं. चार-दोनशे ग्रॅम वजन वाचवण्यापेक्षा चांगले बेअरिंग आणि गावातल्या मेकॅनिकला सहज मिळतील असे स्पोक जास्त उपयोगी पडतात.