चिठ्ठीवाचून औषध

1827 सालचा हिवाळा होता. लंडन शहराच्या होबर्न भागातून एक तरुण शस्त्रवैद्य चालला असता, सेंट अँड्र्यूज चर्चच्या पायऱ्यांवर त्याला एक मुलगी पडलेली दिसली. वय अठराच्या सुमाराचे. रोगाने व उपासमारीने ती अगदी मरणाच्या दारी पोचली होती. तिला इस्पितळात जागा मिळावी म्हणून त्याने पुष्कळ खटपट केली. परंतु कोठेही तिला आत घेईनात. कारण एवढेच, की तिच्याजवळ चिठ्ठी नव्हती. ती मुलगी वाचली नाही.

ही चिठ्ठी कसली, हे कळल्यावाचून पुढील हकीकत ध्यानात यावयाची नाही. त्या काळी लंडनमधील बहुतेक इस्पितळे धनिकांच्या देणग्यांवर व वर्गण्यांवर चालत. वर्गणी भरणाऱ्या सद्गृहस्थांस रोग्यांची शिफारस करण्याचा अधिकार असे. अपघातात सापडलेल्या माणसास बहुधा तसेच आत घेत. पण दुखणाईत गरिबाने आधी असा एखादा वर्गणीदार गाठावा, त्याची मनधरणी करून शिफारसपत्र मिळवावे आणि मग इस्पितळाच्या दारी उभे राहावे, असा रिवाज होता. ज्याची मोठ्या घरी ओळख नाही, त्याने काय करावे? रिवाज घालणारी ती माणसे दुष्ट होती असे मात्र नव्हे. आपल्या समजुतीप्रमाणे ती दानधर्मच करीत होती. पण पायरीवर निपचित पडलेल्या मुलीने चिठ्ठी कोठून आणावी, हा विचार त्यांना शिवला नव्हता.

तो तरुण वैद्य म्हणजे विल्यम मार्सडेन. त्यांचा जन्म 1796 मध्ये सुऱ्या-कात्र्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शेफील्ड गावी झाला. लहान वयात त्यांनी औषधांच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी केली. 1816 मध्ये ते लंडनला आले, एका शस्त्रवैद्याच्या हाताखाली राहिले आणि सेंट बार्थोलोम्यू इस्पितळात शिकले. शस्त्रवैद्याची सनद त्यांना 1827 मध्येच मिळाली होती. म्हणजे ती मुलगी भेटली तेव्हा त्यांच्याजवळ ना पैसा होता, ना वजन.

तरीही ते स्वस्थ बसले नाहीत. चामड्याचे जोडे करणाऱ्या कारागिरांचा एक जुना व संपन्न संघ लंडनमध्ये होता. त्यातील काही मंडळींचे साहाय्य मार्सडेन यांनी मिळविले, आणि 17 एप्रिल 1828 रोजी हॅटन गार्डन भागातील ग्रेव्हिल स्ट्रीटवर, एका लहानशा घरात, त्यांचा मोफत दवाखाना उघडला. येथे चिठ्ठी लागत नसे आणि पैसाही लागत नसे. माणूस आजारी आहे व गरीब आहे, एवढे पुरे होई. रोग्यांना तपासणारे डॉक्टर वेतन न घेता आपला वेळ देत. पैशाची ओढाताण मात्र सदैव असे. कारण फुकट औषध घेणारे वाढले, तरी त्या मानाने देणगीदार वाढत नाहीत.

1832 मध्ये लंडनमध्ये पटकीची साथ पसरली. पटकी म्हणजे कॉलरा. धडधाकट माणूस सकाळी कामावर जाई आणि रात्रीपर्यंत मरून पडे. रोग कशाने पसरतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे पटकीच्या रोग्यास जवळ करण्यास माणसे धजत नसत. मार्सडेन यांच्या इस्पितळाने आपले दार लावले नाही. पुढे 1837 मध्ये व्हिक्टोरिया राणीने या संस्थेला राजाश्रयाचा मान दिला, आणि ती रॉयल फ्री हॉस्पिटल या नावाने ओळखली जाऊ लागली. त्या नावातील 'फ्री' हा शब्द फार मोलाचा आहे.

1846 मध्ये मार्सडेन यांच्या पत्नी कर्करोगाने वारल्या. पती स्वतः वैद्य, दोन हातांनी इतरांना औषध वाटणारा. पण पत्नीच्या दुखण्यापुढे त्याचे काही चालले नाही. त्या रोगाविषयी वैद्यकाला फारच थोडे माहीत होते. दुःख गिळून मार्सडेन पुन्हा कामास लागले. 1851 मध्ये त्यांनी केवळ कर्करोग्यांसाठी एक मोफत इस्पितळ काढले. रोग्याला आराम तर द्यावाच, पण या व्याधीचा नीट अभ्यासही व्हावा, असा त्यांचा हेतू होता. तेच आजचे रॉयल मार्सडेन हॉस्पिटल.

1867 मध्ये मार्सडेन निवर्तले. त्यानंतर दहा वर्षांनी, 1877 मध्ये, रॉयल फ्री हॉस्पिटलने आणखी एक दार उघडले. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या स्त्रियांना रोग्यांजवळ उभे राहून शिकण्यास लंडनमधील दुसरे कोणतेही मोठे इस्पितळ परवानगी देत नव्हते. येथे ती मिळाली. बालपणीच लावून दिलेल्या विवाहाविरुद्ध न्यायालयात झगडलेल्या मुंबईच्या रखमाबाई 1889 मध्ये वैद्यक शिकण्यासाठी विलायतेस गेल्या. रोग्यांची नाडी पाहण्याचे शिक्षण त्यांनी याच इस्पितळात घेतले. 1894 मध्ये त्या डॉक्टर झाल्या, आणि स्वदेशी परतून सुरतेच्या स्त्रियांच्या दवाखान्यात कामावर रुजू झाल्या.